दुर्बीण की मोठा छेद?

वजन उतरवण्याच्या ऑपरेशनला डॉक्टरांनी ‘हो’ म्हटलं, की घरात पहिला प्रश्न निघतो : दुर्बिणीतून करायचं की पोट उघडून? भगिनींनो, आतलं काम दोन्हींत एकच. जठर लहान करायचं. बायपास असेल तर आतड्याची वाटही वळवायची. दुर्बिणीला अर्ध्या-दीड सेंटिमीटरची चार-सहा भोकं पुरतात. दुखणं कमी, घरी लवकर. मोठी जखम चिघळू शकते, पुढे तिथेच हर्निया होण्याचा धोकाही अधिक. म्हणून आज बहुतेक ठिकाणी दुर्बीणच वापरतात.

पण पोटावर आधी ऑपरेशनं झाली असतील, तर आतडी आत चिकटलेली असू शकतात. सिझेरियन, गर्भाशय काढणं, सगळं सांगा. ‘त्याला वीस वर्षं झाली’ म्हणून गाळू नका. संमतीपत्रात ‘गरज पडल्यास पोट उघडू’ असं असतं, त्याने घाबरायचं कारण नाही. रक्तस्राव आवरेना, तर तोच शहाणपणा.

भोकं लहान म्हणून ऑपरेशन लहान, हे मात्र शेजारीण कितीही सांगो, मानू नका! टाके गळणं, रक्ताची गुठळी हे धोके दोन्हींत आहेत. ‘अशी ऑपरेशनं तुम्ही किती केलीत?’ हे सर्जनना विचारायला लाजू नका. जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, आणि बाळ हवं असेल तर वर्ष-दीड वर्ष थांबावं लागतं.