मध्यममार्ग आणि मधली जागा

हक्काचा प्रश्न निघाला की एक उपदेश आमच्या कानी हटकून येतो. फार ताणू नका. तुम्ही बौद्ध आहात, तुम्ही तरी मध्यममार्गाने चालावे, असा तो उपदेश. धम्मात नव्याने आलेली आमची पुष्कळ माणसे या वाक्यापुढे निरुत्तर होतात. हट्टी म्हणवून घेणे कोणासही आवडत नाही, आणि भगवान बुद्धाचे नाव घेऊन कोणी समजूत घालू लागला तर त्याचा शब्द मोडवत नाही. म्हणून हा मध्य कोण ठरवितो आणि कोणत्या मापाने ठरवितो, याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

भगवान बुद्धाने सारनाथ येथे पाच परिव्राजकांना मध्यममार्ग सांगितला. एका बाजूस भोगविलास आणि दुसऱ्या बाजूस देहदंड, ही दोन्ही टोके त्याने त्याज्य ठरविली. परंतु म्हणून त्याने अर्धा भोग आणि अर्धा देहदंड घ्या असे सांगितले काय ? मुळीच नाही. दोहोंपैकी कशानेही दुःखाचा निरोध होत नाही, हे पाहूनच त्याने दोन्ही टाकली. त्याचे माप दुःखनिरोध हे होते. कोणी तपस्वी आणखी दहा दिवस अधिक उपाशी राहिला असता, तर त्यामुळे बुद्धाचा मार्ग तसूभरही त्याच्याकडे सरकला नसता.

राजकारणातील मधली जागा ही अशी नसते. ती दोन टोकांकडे पाहून ठरते. आणि जी वस्तू टोकांकडे पाहून ठरते ती टोक हलविणाऱ्याच्या हाती जाते. एखादा पुढारी उठून सांगतो की, सुधारणा मुळीच नको, ती धर्मावर घाला आहे. लोक त्याला अतिरेकी म्हणतात. मग दुसरा पुढारी उठतो. तो म्हणतो, मी काही तसा नाही. सुधारणा हवीच, पण आज नको, एवढी नको. काल याच दुसऱ्या माणसास लोक सनातनी म्हणत होते. आज पहिल्याच्या शेजारी उभा राहिल्यामुळे तो समंजस ठरतो. आणि जो माणूस काल केवळ न्याय्य गोष्ट मागत होता तो कोठेही न हलता दुसऱ्या टोकावरचा अतिरेकी बनतो. पहिल्या पुढाऱ्यास निवडणूक जिंकण्याची आवश्यकता नसते. त्याने मोठ्याने ओरडावे एवढे पुरते.

हे आम्ही कल्पनेने लिहीत नाही. हिंदू कोड बिलाचा इतिहास आमच्या वाचकांनी या दृष्टीने एकदा पाहावा. १९४१ साली बी. एन. राव यांच्या अध्यक्षतेखाली हिंदू कायदा समिती नेमली गेली. तिच्या मसुद्यात मुलीस मुलाच्या निम्मा वाटा होता. १९४८ साली हे विधेयक प्रवर समितीकडे गेले. कायदेमंत्री या नात्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली त्या समितीने मुलीचा वाटा मुलाच्या बरोबरीचा केला. केवळ मुलगा म्हणून जन्मास आल्यामुळे वडिलार्जित मिळकतीत मिळणारा हक्क रद्द करावा, एकपत्नीत्व बंधनकारक असावे, घटस्फोटाची सोय असावी, या गोष्टीही त्या मसुद्यात होत्या. यात अतिरेक कोठे होता ? २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेने चौदाव्या अनुच्छेदात सर्वांस कायद्यापुढे समान मानले, आणि पंधराव्या अनुच्छेदाने लिंगावरून भेदभाव करण्यास राज्याला मनाई केली. बाबासाहेबांचे विधेयक या मापाने तंतोतंत मध्यावर होते.

परंतु देशात गदारोळ उठला. स्वामी करपात्री यांनी विधेयकाविरुद्ध चळवळ उभारली. घटस्फोटाने घरे मोडतील, मुलीच्या वाट्याने जमिनीचे तुकडे होतील, भाऊबहिणीचे प्रेम आटेल, असा प्रचार झाला. तो झाल्यावर सत्ताधारी पक्षातील जे लोक मनातून विधेयकाच्या विरुद्ध होते, त्यांस मधली जागा आयती सापडली. आम्ही सुधारणेच्या विरुद्ध नाही, केवळ सावकाशीने जावे असे म्हणतो, असे ते सांगू लागले. सप्टेंबर १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनीही पंतप्रधानांस लिहून, असा कायदा करण्याचा कौल या संसदेस जनतेने दिलेला नाही, असा आक्षेप घेतला. मग संपूर्ण विधेयकाऐवजी विवाह व घटस्फोट एवढाच भाग घ्यावा, असे ठरले. सर्वच बुडत असेल तर काही तरी वाचवावे म्हणून बाबासाहेबांनी तेही मान्य केले. चार कलमे संमत झाली आणि तो भागही सोडून देण्यात आला. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्याच्या कारणांत हे एक मोठे कारण होते.

आता पुढील आकडे पाहावेत. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकसभेच्या ४८९ जागांपैकी रामराज्य परिषदेस ३, हिंदू महासभेस ४ आणि जनसंघास ३ जागा मिळाल्या. तिन्ही मिळून दहा ! हिंदू कोडाच्याच प्रश्नावर पंडित नेहरूंविरुद्ध उभे राहिलेले प्रभुदत्त ब्रह्मचारी पराभूत झाले. काँग्रेसला ३६४ जागा मिळाल्या. जनतेचा कौल नाही, ही सबब आता उरली नव्हती. तरीही १९४८ चा मसुदा परत आला नाही. १९५५ व १९५६ साली त्याचे चार तुकडे चार कायदे म्हणून संमत झाले. पक्षातील सनातनी वृत्ती हे याचे एक कारण होतेच. पण मधली जागा कोठे आहे हे पाच वर्षांच्या आरड्याओरड्याने आधीच ठरून गेले होते, हे दुसरे कारण होय. टोकाचे लोक मतपेटीत हरले, आणि माप ठरविण्यात जिंकले.

या कायद्यांनी काहीच दिले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. एकपत्नीत्व आले, घटस्फोट आला, विधवेची मर्यादित मालकी पूर्ण झाली, आणि बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगी बरोबरीची वारस झाली. पण वडिलार्जित मिळकतीतील मुलाचा जन्मसिद्ध हक्क मात्र तसाच ठेवला गेला. याचा हिशेब साधा आहे. आई हयात नाही. बाप, एक मुलगा, एक मुलगी आणि वडिलार्जित बारा एकर जमीन, असे घर धरावे. बाप मृत्युपत्र न करता वारला. मुलाचे सहा एकर जन्मानेच त्याचे. उरलेल्या बापाच्या सहा एकरांचे दोन वाटे. म्हणजे मुलास नऊ एकर आणि मुलीस तीन. बाबासाहेबांच्या मसुद्याप्रमाणे दोघांस सहा-सहा एकर मिळावयाचे होते. शिवाय राहत्या घराची वाटणी मुलगे करीत नाहीत तोवर मुलीस ती मागता येत नव्हती. आणि तरी हा तीन एकरांचा कायदा त्या काळी मोठी क्रांती म्हणून गणला गेला, कारण लोक त्याची तुलना करपात्रींच्या शून्याशी करीत होते !

ही तूट भरून निघण्यास किती काळ लागला ? महाराष्ट्राने १९९४ साली कायद्यात दुरुस्ती करून मुलीस जन्मसिद्ध हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळले. संपूर्ण देशासाठी ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी मुलाप्रमाणेच जन्माने हिस्सेदार झाली, आणि राहत्या घराविषयीचे ते कलमही गेले. त्या दिवशी बाप हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. १९४८ पासून २००५ पर्यंत सत्तावन्न वर्षे होतात. समंजसपणाच्या नावाखाली सोडलेल्या एका कलमाची किंमत स्त्रियांच्या दोन पिढ्यांनी दिली.

आमच्या वाचकांनी हा इतिहास दिल्लीचा समजून बाजूस ठेवू नये. कायद्याच्या नावात हिंदू हा शब्द असला तरी तो बौद्धांनाही लागू आहे, आणि हाच खेळ आमच्या घरात चालतो. बाप वारल्यावर एखादा चुलता गर्जून सांगतो, परक्या घरी गेलेल्या पोरीचा जमिनीशी संबंध काय ? सगळे त्याला गप्प करतात. मग दुसरा कोणी शांतपणे सुचवितो की, बहिणीचा मान राखावा, साडीचोळी करावी, आणि तिने राजीखुशीने हक्कसोडपत्रावर सही करावी. सर्वांस हा मध्यममार्ग वाटतो. बहिणीलाही वाटतो. चुलत्याने जे ओरडून मागितले तेच दुसऱ्याने हळू आवाजात घेतले, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. ज्या घरात बाबासाहेबांची तसबीर आहे, त्या घरात ही सही घेतली जात असेल तर धम्मदीक्षेने त्या घराचे काय बदलले, हे त्या घराने स्वतःस विचारावे.

मग यावर उपाय म्हणून आपणही दुसऱ्या टोकाला जाऊन दुप्पट ओरडावे काय ? आमचे मत तसे नाही. बाबासाहेबांनी घासाघिशीसाठी मागणी फुगविली नव्हती. न्याय्य तेवढेच मागितले होते. खोटे टोक उभे करणारा शेवटी आपले माप आपणच बिघडवितो. उपाय साधा आहे. वाद सुरू होण्यापूर्वी न्याय्य काय आहे ते ठरवून ठेवावे, आणि कोण किती ओरडले यावरून ते बदलू नये. अर्धे मिळत असेल तर ते अवश्य घ्यावे, बाबासाहेबही घेण्यास तयार होते. पण अर्ध्याला पूर्ण म्हणू नये, आणि उरलेले अर्धे आपल्या मुलांस तोंडपाठ करून ठेवावे. कोणी समंजस म्हणून पुढे आला, तर तो अतिरेक्यापासून किती दूर आहे हे न पाहता न्यायापासून किती दूर आहे ते पाहावे.

बुद्धाचा मध्यममार्ग असा मोजलेला मार्ग आहे. बारा एकरांचा मध्य सहा आहे. तो तीन नव्हे, आणि साडीचोळी तर नव्हेच नव्हे.