विश्लेषण : गॅसवाहिनीखाली दगड कशासाठी?

समुद्रात गॅसवाहिनी टाकायची म्हणजे जहाजातून पाइप सोडत जायचे, असे अनेकांना वाटते. नॉर्वेचे ‘ऑर्मेन लांगे’ वायुक्षेत्र पाहिले की हा समज टिकत नाही. सुमारे ८,२०० वर्षांपूर्वी तिथे समुद्राखाली प्रचंड भूस्खलन झाले. ८०० ते ११०० मीटर खोलीवरचा तो तळ आजही इतका खडबडीत आहे, की पाइप दोन उंचवट्यांवर टेकतो आणि मध्ये अधांतरी राहतो. प्रवाह पाइपला ओलांडताना मागे आळीपाळीने भोवरे सुटतात, पाइप थरथरतो. (हे आम्ही इंजिनीअरिंगला मार्कांपुरते पाठ केले होते!) ही थरथर वर्षानुवर्षे चालली, तर वेल्डिंगच्या सांध्यांना तडे जाऊ शकतात.

म्हणून उंचवटे दूरनियंत्रित यंत्राने खोदतात, खोलगट जागी दगडांचा आधार देतात. एवढ्या खोलीवर दगड वरूनच ओतले तर विखुरतील. त्यासाठी जहाजातून तळाजवळपर्यंत लांब नळी सोडतात. तिच्या टोकाचे यंत्र ती नेमक्या जागी नेते.

एवढे करूनही पाइपखालची वाळू प्रवाहाने वाहून जाऊ शकते. त्यामुळे माझ्या मते दगड टाकण्यापेक्षाही नंतरची नियमित पाहणी महत्त्वाची. आपल्याकडे मुंबई हाय ते उरण वाहिन्या आहेत. अधांतरी पाइपमध्ये मासेमारीची जाळीही अडकू शकतात. मग पाइप कुठे उघडा पडला आहे, हे कोळी बांधवांना कळायला नको का?