बिनखर्ची विजेचा छुपा खर्च

गेल्या महिन्यात आमच्या सौभाग्यवतींच्या पाठदुखीपायी वांद्र्याच्या एका इस्पितळात एमआरआय काढण्याचा योग आला. बाईसाहेब बोगद्यात, आम्ही बाहेर. आतून तांबट आळीतल्यासारखी ठोकाठोक ऐकू येत होती. बाहेर येताच त्यांनी प्रश्न केला तो अस्सल गृहिणीचा. "अहो, हे यंत्र रात्री तरी बंद करतात का? बिल केवढं येत असेल!"

चुंबक बंद करीत नाहीत. त्याच्या वेटोळ्यांत नायोबियम-टायटॅनियमच्या मिश्रधातूची तार असते आणि ती द्रवरूप हेलियममध्ये उणे 269 अंशांपर्यंत गार ठेवलेली असते. इतक्या थंडीत तारेचा विरोध पार नाहीसा होतो. हा प्रकार 1911 साली हॉलंडातील लायडन येथे कामरलिंग ओनेस यांना पाऱ्यात प्रथम दिसला. शास्त्रज्ञ त्याला अतिसंवाहकता म्हणतात. प्रवाह एकदा सोडला की वर्षानुवर्षे फिरत राहतो. खर्च येतो तो गारव्याचा.

मग आपल्या घरची वीजही अशाच तारेतून फुकटात का आणू नये? इथेच मेख आहे. घरची वीज सेकंदाला 50 वेळा उलटसुलट फेरे घेते, तिच्यासरशी चुंबकीय क्षेत्र बदलते, आणि नेमका हा बदलच अतिसंवाहकाला सोसत नाही. चुंबकीय रेषा तारेत शिरून धातूतल्या बारीकसारीक दोषांना अडकून बसतात. संध्याकाळची लोकल आठवा. डब्यात माणसे एकदा ठासून बसली की निमूट असतात. वांद्र्याला चढणारे आणि उतरणारे भिडले की घाम फुटतो! रेषांच्या या ये-जा करण्यातूनही अशीच उष्णता निघते. ती असते थोडी, पण त्या थंडीतून एक वॅट उष्णता उपसायला बाहेर शेकडो वॅट खर्ची पडतात. उष्णता साठलीच, तर तारेचा तेवढा तुकडा अतिसंवाहक राहत नाही, तिथे विरोध जागा होतो, आणखी उष्णता होते, आणि बघता बघता महागडे हेलियम उकळून जाते.

नवे अतिसंवाहक सापडतच असतात. 1994 साली आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मंडळींनी यट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या मिश्रणात अतिसंवाहकता दाखवली. पण मोठ्या चुंबकीय क्षेत्रात ही जकात कोणालाच चुकत नाही. कमी मात्र करता येते.

चार्ल्स बीन या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1962 साली मांडलेल्या हिशोबावरून दिसते की तंतू जितका बारीक, तितकी रेषांना सरकायला जागा कमी आणि उष्णताही कमी. म्हणून केसाहून बारीक तंतू तांब्यात बसवतात. पण शेजारशेजारचे दोन तंतू आणि मधले तांबे मिळून एक फेरा होतो. बदलते क्षेत्र त्यातून प्रवाह फिरवते, आणि सगळे तंतू मिळून पुन्हा एकच जाड तार असल्यासारखे वागू लागतात! 1960 च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडच्या रदरफोर्ड प्रयोगशाळेतील मंडळींनी यावर काम केले. उपाय इतकाच, की तारेला पीळ द्यायचा. दर अर्ध्या पिळाला तंतूंच्या बाजू बदलतात, आणि एका अर्ध्यातला रेटा पुढच्या अर्ध्यात खोडला जातो.

आणि ती ठोकाठोक? चित्र घेण्यासाठी आत साध्या तांब्याची निराळी वेटोळी असतात. त्यांतला प्रवाह झपाझप बदलतो आणि बलाढ्य चुंबकाच्या पुढ्यात ती थरथरतात. त्यांचे बदलते क्षेत्र मुख्य चुंबकापर्यंत पोचू नये म्हणून बाहेरून उलट प्रवाहाची आणखी वेटोळी घातलेली असतात.

घरी हे सारे सांगत असताना सौभाग्यवती दिवाळीच्या वाती वळत होत्या. आम्ही एक वात उचलून पीळ दाखवू लागलो.

"ठेवा ती खाली," त्या म्हणाल्या, "उलटा पीळ देताय."