तेलविहिरींच्या मडचा पुनर्वापर : नियम आहे, माप नाही

मुंबई हाय तेलक्षेत्रातून 1976 साली उत्पादन सुरू झाले. आता उताराला लागलेल्या या क्षेत्राचे उत्पादन वाढविण्यासाठी ओएनजीसीने जानेवारी 2025 मध्ये ब्रिटनच्या बीपी कंपनीची तंत्रसेवा पुरवठादार म्हणून निवड केली. त्याच वर्षी 15 ऑगस्टला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी लाल किल्ल्यावरून खोल समुद्रातील तेलशोधाच्या राष्ट्रीय मोहिमेची घोषणा केली. नव्या विहिरी खोदल्या जातील तेव्हा खोदकामाचा द्रव, म्हणजे ड्रिलिंग मड, आणि त्याबरोबर वर येणारा खडकाचा चुराही वाढेल. त्याचे पुढे काय करायचे, याची चर्चा मात्र क्वचितच होते.

नावाने चिखल असला तरी मड हा मोजूनमापून तयार केलेला द्रव असतो. तो खोदणाऱ्या बिटला थंड ठेवतो, चुरा वर आणतो आणि स्वतःच्या वजनाने भूगर्भातील दाब रोखून धरतो. साधा मड पाण्यात कालवलेला असतो. परंतु शेल जातीचा खडक पाणी शोषून फुगतो, विहिरीची भिंत ढासळते. आडव्या विहिरींत पाइप अडकण्याचा धोका असतो. अशा ठिकाणी तेलाधारित पायस, अर्थात इमल्शन वापरतात. त्यात साधारण 80 भाग तेल आणि 20 भाग खारे पाणी असते, पाण्याचे सूक्ष्म थेंब तेलात विखुरलेले असतात, आणि वजनासाठी बराइटची पूड मिसळलेली असते.

हा मड महाग असल्याने फेकून देणे कोणालाच परवडत नाही. कंप पावणाऱ्या चाळण्या जाड चुरा काढतात, त्यानंतर सेंट्रिफ्यूज बारीक चुरा वेगळा करतो. खरी अडचण काही मायक्रॉन आकाराच्या कणांची आहे. ते यंत्रातून निसटतात, प्रत्येक फेरीत साचत जातात आणि मड घट्ट होतो. ताजे तेल घालून तो पातळ करता येतो, पण त्यामुळे मडचा साठाच वाढत जातो. दुसरा मार्ग म्हणजे रसायनांनी पायस फोडणे किंवा उष्णतेने तेल वेगळे करणे. गंमत अशी, की पायस फुटू नये म्हणून जी रसायने योजलेली असतात, तीच ते फोडताना आडवी येतात.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 30 ऑगस्ट 2005 च्या अधिसूचनेने डिझेलवर आधारित मडला बंदी घातली. तेलाधारित मडचा निरुपयोगी भाग समुद्रात न सोडता किनाऱ्यावर आणावा आणि विल्हेवाटीच्या चुऱ्यात किलोमागे 10 ग्रॅमपेक्षा अधिक तेल नसावे, असे तिने ठरवले. मडचा जास्तीत जास्त पुनर्वापर करावा, असेही त्यात म्हटले आहे. परंतु जास्तीत जास्त म्हणजे किती, हे सांगितलेले नाही. पुढे 2016 च्या नियमांनी तेलयुक्त मडची गणना घातक कचऱ्यात केली.

ईशान्य अटलांटिकच्या किनाऱ्यावरील देशांनीही 2000 साली चुऱ्यातील तेलासाठी 1 टक्क्याची मर्यादा स्वीकारली, म्हणजे आकडा आपल्याइतकाच. तेथील उत्तर समुद्रात जुन्या तेलमंचांखाली तेलकट चुऱ्याचे ढीग आजही पडून आहेत. तो अनुभव या निर्णयामागे होता. फरक व्यवहारात आहे. तेथे पुरवठादाराने उरलेला मड परत घ्यावा, बंदरावरच्या प्रकल्पात सुधारावा आणि पुढच्या विहिरीला द्यावा, ही पद्धत रुळलेली आहे. मड परत येणार हे ठाऊक असले की तो बिघडू न देण्यात पुरवठादाराचाही फायदा असतो. केवळ विक्रीच्या करारात असे कारण उरत नाही.

रायगड जिल्ह्यात न्हावा येथे ओएनजीसीचा पुरवठा तळ आहे आणि त्याच जिल्ह्यात तळोजा येथे घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीचा प्रकल्पही आहे. मड सुधारून पुन्हा जहाजावर चढवायचा की कचरा म्हणून ट्रकमध्ये भरायचा, हा निर्णय शेवटी खर्चावर ठरतो, आणि मुंबईपासून सातपाटीपर्यंतच्या मच्छीमारांचा त्यात संबंध असूनही तो त्यांच्या नजरेआड होतो. किती मड विहिरीत गेला, किती परत आला आणि किती वाया गेला, ही नोंद रिगवरचा मड इंजिनिअर रोज ठेवतोच. पर्यावरण मंजुरीच्या अनुपालन अहवालात हाच विहीरनिहाय हिशेब मागण्यासाठी वेगळी यंत्रणा उभारावी लागणार नाही. अटींमध्ये एका कलमाची भर घातली तरी पुरे.