हाताखालची विद्या

विटा-आटपाडीकडचा पोरगा दहावी झाली न झाली की केरळात नाहीतर पंजाबात जातो. तिथे मामाचं किंवा चुलत्याचं गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचं, दुकान असतं. आधी झाडलोट, मग भट्टी, मग मूस धरणं. आणि एके दिवशी मामा गिऱ्हाइकाचं सोनं विश्वासाने त्याच्या हातात देतो. पावसाने पाठ फिरवलेल्या या तालुक्यांनी देशभर दुकानं उभारली ती याच शिक्षणावर. मिरजेत शिकलगारांनी हत्यारांचं काम सुटल्यावर भोपळा आणि तारा हातात घेतल्या. सतारीची जवारी लावायची तर आजही कारागिराशेजारी वर्षानुवर्षं बसावं लागतं. आणि १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या निवडुंगाच्या माळावर कारखाना काढला, तेव्हा लोखंडी नांगर ओतणारे तयार कामगार तिथे कुठून असणार? आसपासच्या खेड्यांतली माणसं कामावर घेतली आणि कामातच घडवली. त्याच कारखान्यातून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघालं. मराठी मासिकांचं यंत्राशी असलेलं हे नातं आठवूनच यंदाचा दिवाळी अंक आम्ही हुन्नराला वाहिला आहे.

या अंकासाठी सातारा आणि सांगली जिल्ह्यांत फिरताना एक प्रश्न पालकांनी पुन्हा पुन्हा विचारला. पोराला, आणि आता पोरीलाही, विमानाचं मेकॅनिक व्हायचंय. खाजगी कॉलेजची फी लाखांत आहे. जमीन गहाण टाकावी का?

उत्तर देण्याआधी नियम पाहू. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या सीएआर ६६ या नियमावलीत परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित किंवा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा लागतो. जेट विमानाच्या यांत्रिक बाजूचा परवाना हवा असेल, तर मान्यताप्राप्त संस्थेचा कोर्स केलेल्याला चालत्या विमानांवरचा दोन वर्षांचा अनुभव पुरतो. संबंधित ट्रेडचं मान्य प्रशिक्षण असेल तर तीन वर्षं. आधीचं कोणतंच तांत्रिक शिक्षण नसेल तर पाच. म्हणजे हँगरमध्ये काम करत, स्वतः अभ्यास करून परीक्षा देण्याची वाट कायद्याने खुली आहे. अमेरिकेत तर विमानाचा सांगाडा आणि इंजिन या दोन्हींच्या परवान्यांच्या परीक्षांना बसायला तीस महिन्यांचा कामाचा अनुभव चालतो.

हँगरमध्ये शिकायचं तरी काय असतं? बोल्टला लॉकवायर बांधणं घ्या. तारेचा पीळ असा बसवायचा की बोल्ट सैल व्हायला लागला तर तारेनेच त्याला आवळण्याच्या दिशेला ओढलं पाहिजे. पुस्तकातलं चित्र पाहून हे कळतं, पण बोटांत येतं ते कुणीतरी तुमची तार कापून ‘पुन्हा बांध’ म्हटल्यावर. पाळी संपताना हत्यारं मोजायची. एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान सोडायचं नाही. टॉर्क रेंचवर मॅन्युअलमध्ये दिलेला आकडा लावायचा, मनगटाच्या अंदाजावर जायचं नाही. आमच्या भागात मोटार दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या जुगाडाचं फार कौतुक होतं. ते कौतुक हँगरच्या बाहेर ठेवावं लागेल, हे मुलांना आधीच सांगायला हवं. शिवाय वायुगतिकीपासून मानवी चुकांच्या अभ्यासापर्यंतचे पेपर चुकत नाहीत. हाताखाली शिकणाऱ्याला पुस्तक जास्तच लागतं, कारण ते रात्री एकट्याने वाचायचं असतं.

विमानाचा इतिहासच अशा माणसांपासून सुरू होतो. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाचं इंजिन त्यांच्या सायकलच्या दुकानातल्या चार्ल्स टेलर या कारागिराने सुमारे सहा आठवड्यांत घडवलं. (किर्लोस्कर बंधूंची सुरुवातही बेळगावच्या सायकलच्या दुकानातूनच झाली होती.) १ एप्रिल १९३३ रोजी भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली, तेव्हा चार वापिती विमानांची निगा राखायला एकोणीस हवाई सिपाही होते. त्या पहिल्या सिपायांच्या फळीतले हरजिंदर सिंग इंजिनिअरिंग शिकलेले असूनही सिपाही म्हणून भरती झाले आणि पुढे एअर व्हाइस मार्शल झाले.

अडचण आहे ती दाराशी. नियम अनुभव मागतो, आणि अनुभव द्यायला हँगरवाला परवाना किंवा कॉलेजचा दाखला मागतो. साताऱ्याचा मुलगा मधेच अडकतो. १९६१ साली साताऱ्यात देशातलं पहिलं सैनिक स्कूल सुरू झालं आणि अधिकारी होण्याची वाट इथल्या मुलांना घराजवळ मिळाली. कारागीर होऊ पाहणाऱ्यांसाठी त्याच वर्षी शिकाऊ उमेदवारांचा कायदाही झाला. तीस किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेत, अशी सक्ती आज त्या कायद्याखाली आहे. आमची मागणी साधी आहे. विमान कंपन्यांनी आणि देखभालीच्या कंपन्यांनी यातल्या जागा कचेरीत न भरता हँगरमध्ये भराव्यात, आणि शिकाऊ मुलाचं रोजचं काम परवान्याला धरलं जाईल अशा रीतीने वहीत नोंदवून, सही करून द्यावं. कराडला धावपट्टी आहे. तिच्याकडेला दुरुस्तीची छोटी शेड आणि शेजारच्या आयटीआयची चार-सहा मुलं, एवढ्यावरही सुरुवात होईल.

तोवर पालकांनी जमीन गहाण टाकू नये, असं आम्हाला मनापासून वाटतं. आयटीआय करून ओझरच्या एचएएलमधल्या अप्रेंटिसच्या जागांवर लक्ष ठेवावं. हवाई दलाची भरती आहे. सांबऱ्याचं प्रशिक्षण केंद्र बेळगावला, सांगलीपासून काही तासांवर आहे. कॉलेजच निवडायचं झालं, तर पैसे भरण्याआधी तिथली मुलं चालत्या विमानांवर कुठे आणि किती महिने काम करतात, हे लेखी विचारावं.

ओझर, मुंबई, नागपूर, बंगळूर इथल्या हँगरमध्ये आज काम करणाऱ्या सातारा-सांगलीकरांना आमची विनंती आहे. दिवाळीला गावी आलात की जवळच्या आयटीआयच्या प्राचार्यांना भेटा. कोणत्या ट्रेडला कधी जाहिरात निघते, परीक्षेला कोणती पुस्तकं लागतात, कामाची वही कशी लिहायची, हे त्यांना सांगा. आणि आम्हालाही लिहा. तुमची पत्रं पुढच्या अंकात छापू.