कांद्याची प्रतवारी आणि मनाचे आजार

विंचूरच्या बाजार आवारात तुम्ही कधी गेला आहात काय? नाशिकहून येवल्याला जाताना निफाड तालुक्यात हे गाव लागते. लासलगावच्या बाजार समितीचे उपबाजार आवार येथे आहे. कांद्याच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते, लिलाव पुकारले जातात आणि माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर जातो. तेथे ढिगाभोवती बसून बाया कांदा निवडतात. मोठा एकीकडे, गोल्टी दुसरीकडे. जोडकांदा, डेंगळ्याचा आणि सडका वेगळा. त्यांचे हात इतके झराझर चालतात की, प्रत्येक कांद्यावर त्याची जात लिहूनच ठेवली आहे, असे पाहणाऱ्याला वाटावे.

तशी ती लिहिलेली नसते. शेतकऱ्याला विचारा, तो म्हणेल, "हा लाल, हा रांगडा, हा उन्हाळ." त्याची वाटणी हंगामावरून. व्यापाऱ्याची वाटणी आकारावरून आणि माल किती दिवस टिकेल त्यावरून. वनस्पतिशास्त्रज्ञाला या दोन्हींशी कर्तव्य नाही. तो कांदा आणि लसूण अ‍ॅलियम या एकाच प्रजातीत घालून मोकळा होतो. ढीग तोच, पण ज्याचे जसे काम तशी त्याची वाटणी. शिवाय प्रत्येक ढिगात असे काही कांदे असतातच, की जे गोल्टीत टाकावेत की मोठ्यात, यावर शेजारी बसलेल्या दोघींचेही एकमत होत नाही.

मनाच्या आजारांविषयी लिहायला बसलो आणि प्रथम हे खळेच आठवले. कारण या आजारांची नावे आपण ज्या पद्धतीने वापरतो, तीत मोठा घोटाळा आहे. एखादा मुलगा वही नीट लावून ठेवतो, तर "त्याला ओसीडी आहे". पेपर अवघड गेला, "मला डिप्रेशन आले". वर्गातले कोणी जरा वेगळे वागले की "याला येरवड्याला पाठवा" किंवा "ठाण्याला पाठवा". त्या गावांत मनोरुग्णालये आहेत, म्हणून गावांची नावेच शिव्या होऊन बसली! नाव ठेवायला आपण असे तत्पर; पण ते नाव कोणी, कशासाठी आणि कोणत्या खुणांवरून ठरवले, हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही.

वर्गीकरणाची खटपट फार जुनी आहे. चरकसंहितेत उन्मादाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वात, पित्त आणि कफ यांच्या बिघाडाने होणारे तीन, तिन्ही मिळून होणारा चौथा, आणि बाहेरून येणारा तो आगंतुक. आज ही उपपत्ती कोणी प्रमाण मानणार नाही. पण त्यामागचा प्रश्न मात्र अगदी योग्य होता. सगळे वेड एकच नव्हे, त्यात प्रकार आहेत आणि प्रकार ओळखल्यावाचून उपचार ठरत नाही, हे त्या वैद्यांना कळले होते.

शरीराच्या आजारात कारण सापडले की वर्गीकरण सोपे होते. क्षयाचे उदाहरण घ्या. फुप्फुसाचा क्षय आणि मानेवरच्या गंडमाळा हे दिसायला किती निराळे! १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला आणि दोन्ही एकाच रोगाची रूपे असल्याचे सिद्ध होऊ शकले. मनाच्या बाबतीतही असे एकदा घडले आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातील वेड्यांच्या इस्पितळांत असे पुष्कळ रोगी असत की, ज्यांना आधी मोठेपणाचे भ्रम होत, मग बोलणे अडखळे, मग अंग लुळे पडे आणि अखेर मृत्यू येई. १९१३ साली नोगुची आणि मूर या दोघा संशोधकांना अशा रोग्यांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू आढळले. पुढे पेनिसिलिन आले आणि ज्या वेडावर इलाज नव्हता त्यावर इंजेक्शनांचा इलाज सापडला.

अपस्माराचीही, म्हणजे मिरगीची, गोष्ट अशीच. एके काळी ती वेडाच्या खात्यात जमा होती. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ती मज्जासंस्थेच्या आजारांत मोडते. आपल्याकडे मात्र फेफरे आलेल्याच्या नाकाशी अजून कांदा फोडून धरतात, नाही तर चप्पल हुंगवतात. फेफरे बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबते आणि श्रेय कांद्याला मिळते! कांद्याच्या मुलखात राहणाऱ्यांनी तरी हे लक्षात ठेवावे. अशा वेळी माणसाला कुशीवर वळवावे, भोवतालच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात, तोंडात काहीही घालू नये. फेफरे पाच मिनिटांत थांबले नाही तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

उरलेल्या बहुतेक मनोविकारांत असा एखादा जंतू किंवा रक्ताची एखादी तपासणी हाती लागलेली नाही. आनुवंशिकता, मेंदूतील रसायने, बालपणचे आघात, घरची ओढाताण अशी अनेक कारणे एकत्र गुंतलेली असतात. म्हणून डॉक्टरांना आजही लक्षणांवरूनच वाटणी करावी लागते. खळ्यावर आकारावरून करतात तशी. याचा अर्थ ती मनमानी आहे असे मात्र नव्हे. लक्षणे कोणती, किती, किती दिवस आणि त्यांनी रोजचे जगणे किती अडले, हे सारे लिहून ठरवलेले असते.

खिन्नतेचा आजार, म्हणजे ज्याला आपण सरसकट डिप्रेशन म्हणतो, तो पाहा. जागतिक आरोग्य संघटनेची रोगांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात या आजाराची दहा लक्षणे दिली आहेत. मन उदास राहणे, कशातच गोडी न वाटणे, लक्ष न लागणे, स्वतःला कवडीमोल समजणे, पुढे काही चांगले होईल अशी आशा न उरणे, मरणाचे विचार वारंवार येणे, झोप बिघडणे, भूक बदलणे, हालचाल मंदावणे किंवा उगीच अस्वस्थ होणे, आणि सततचा थकवा. यांपैकी किमान पाच हवीत. पहिल्या दोहोंपैकी एक तर हवेच. तीही दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, निदान दोन आठवडे. शिवाय त्यामुळे शाळा, काम किंवा घरातला वावर अडलेला असावा. आता तुमचा पेपर अवघड गेला आणि दोन दिवस जेवण गेले नाही, याला डिप्रेशन म्हणता येईल काय?

मग दोन आठवडेच का? तेरा दिवसांच्या खिन्नतेत आणि पंधरा दिवसांच्या खिन्नतेत निसर्गाने काही भिंत घातलेली नाही. ही रेघ माणसांनी, अनुभवाने आणि एकमताने ओढली आहे. गोल्टी कोठे संपते, हे जसे ठरवावे लागते तसेच. रेघ ठरवलेली आहे म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही. पण तिला दगडावरची रेघही समजू नये. रेघेच्या अलीकडच्या माणसालाही त्रास होत असतोच.

एक रेघ सर्वांनी मानली नाही तर काय होते, हेही एकदा दिसून आले. न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत छिन्नमनस्कतेचे, म्हणजे स्किझोफ्रेनियाचे, रोगी फार आणि लंडनमध्ये कमी, असे आकडे येत होते. न्यूयॉर्कच्या हवेत काही दोष होता की काय? दोन्हीकडच्या रोग्यांना ठरावीक प्रश्न विचारून एकाच पद्धतीने तपासले, तेव्हा हा फरक बव्हंशी नाहीसा झाला. १९७२ साली हा अभ्यास ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. रोगी सारखेच होते. डॉक्टरांची मोजपट्टी निराळी होती. पुढे १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने प्रत्येक आजाराच्या खुणा मोजूनमापून लिहिल्या, त्याच्या मुळाशी हा अनुभवही होता.

मोजपट्टी एक असली तरी ती धरताना गाव पाहावे लागते. आपल्याकडे जत्रेत, गोंधळात, जागरणात एखाद्या बाईच्या अंगात येते. ती घुमते, निराळ्या आवाजात बोलते. हा आजार आहे काय? त्या अकराव्या आवृत्तीचे उत्तर मला फार शहाणपणाचे वाटते. समाजाने मानलेल्या विधीचा तो भाग असेल आणि विधी संपल्यावर ती बाई आपल्या कामाला लागत असेल, तर तिला रोगी म्हणायचे नाही. तेच जर तिच्या इच्छेविरुद्ध, विधीबाहेर, वारंवार होत असेल आणि त्यापायी तिचे जगणे कठीण झाले असेल, तर तो विकार. कृती तीच, पण संदर्भ आणि त्रास यांवरून निर्णय बदलतो. अंगात खरोखर देवी येते असे ती आवृत्ती म्हणत नाही, आणि मीही म्हणत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली कोणाला मारहाण करणे हा तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

आता नावाकडे वळू. वर मी छिन्नमनस्कता हा शब्द वापरला. तो वाचून एका माणसात दोन माणसे असतात, असे तुमच्या मनात आले असेल. बहुतेकांच्या येते, आणि ते साफ चूक आहे. या आजारात नसलेले आवाज ऐकू येतात, कोणी पाठलाग करते असे वाटते, विचारांची साखळी तुटते. ब्लॉयलर या स्विस डॉक्टरांनी १९०८ साली हे नाव दिले ते विचार, भावना आणि कृती यांचा मेळ तुटतो या अर्थाने. नाव फसवे निघाले आणि जगभर गैरसमज पसरला. जपानी भाषेतही 'मन फुटण्याचा रोग' असाच शब्द होता. २००२ साली तेथील मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने तो बदलून 'मेळ बिघडण्याचा विकार' अशा अर्थाचा नवा शब्द घेतला. त्याआधी रोग्याला त्याच्या आजाराचे नाव सांगण्याचे प्रमाण सुमारे ३७ टक्के होते. दोन वर्षांत ते सुमारे ७० टक्क्यांवर गेले. औषध तेच होते, आजार तोच होता. डॉक्टरांची जीभ तेवढी मोकळी झाली. आपल्याकडेही या शब्दाचा पुन्हा विचार व्हावा, असे मला वाटते. तुमच्यातील कोणी उद्या भाषेचा किंवा वैद्यकाचा अभ्यास करणार असेल, तर हे काम पडूनच आहे.

नावांच्या बाबतीत समाजाचे पूर्वग्रह शास्त्रातही शिरतात, हे कबूल केले पाहिजे. समलैंगिकता अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या यादीत १९७३ पर्यंत आजार म्हणून होती, आणि जागतिक आरोग्य संघटनेने ती आपल्या यादीतून काढली ते १९९० साली. त्या यादीपायी किती निरोगी माणसांनी स्वतःला रोगी समजून आयुष्य काढले असेल! यादी चुकते, आणि पुराव्यापुढे बदलते. तिचा हा गुण मला तिच्या बिनचूकपणापेक्षा मोठा वाटतो.

आपल्या देशात २०१७ सालचा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, आणि त्याचे तिसरे कलम शिक्षकांनी तरी वाचावे. मानसिक आजार आहे की नाही हे देशात किंवा जगात मान्य झालेल्या वैद्यकीय निकषांवरूनच ठरवायचे, असे ते सांगते. माणसाची जात, धर्म, राजकारण, गरिबी-श्रीमंती यांवरून नव्हे. चारचौघांच्या रीतीप्रमाणे तो वागत नाही म्हणूनही नव्हे. पूर्वी कधी उपचार घेतले होते, एवढ्यावरून आज आजारी ठरवता येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मनोरुग्ण असे वर्गीकरण करायचे ते उपचारासंबंधीच्या कामापुरतेच किंवा कायद्याने सांगितलेल्या बाबींपुरतेच. म्हणजे खळ्यावरची प्रतवारी आणि ही प्रतवारी यांत एक फरक आहेच. तेथे कांदा गोल्टी ठरला की त्याचा भाव उतरतो. येथे वाटणी आजारांची असते; माणसाचा भाव तिने उतरता कामा नये.

"मग नावेच नकोत", असे काही शिक्षक म्हणतात. "उगाच शिक्का कशाला मारायचा?" त्यांची कळकळ मला समजते, पण मत पटत नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत पाहणी केली. महाराष्ट्र त्यात नव्हता. दर शंभर प्रौढांमागे साधारण दहा-अकरा जणांना त्या वेळी काही ना काही मनोविकार होता, आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारावाचून होते. त्यांना शिक्का मिळाला नव्हता हे खरे. पण औषधही मिळाले नव्हते. हात धुऊन धुऊन कातडी सोलली गेलेल्या मुलीला हा ओळखीचा विकार आहे, याला नाव आहे, असाच त्रास हजारोंना होतो आणि त्यावर उपचार आहेत, हे कळले तर तिचे निम्मे ओझे उतरते. तोवर ती स्वतःलाच दोष देत बसलेली असते.

तेव्हा नाव डॉक्टरांना ठेवू द्या. तुम्ही आणि तुमचे शिक्षक दुसरे काम करू शकता, आणि तेही शास्त्राचेच आहे: नीट निरीक्षण. समजा, तुमच्या बाकावरचा मित्र बदलला आहे. "त्याचे डोके फिरले" असे म्हणू नका आणि "त्याला डिप्रेशन आहे" असेही म्हणू नका. तीन आठवडे डबा तसाच परत नेतो, क्रिकेटला येत नाही, गणितात पुढे होता तो आता वही उघडत नाही, काल म्हणाला की आपण नसतो तर बरे झाले असते. असे जे दिसले-ऐकले तेवढेच सांगा. हे शेवटचे वाक्य ऐकले असेल, तर ते गुपित ठेवायचे नाही. त्याच दिवशी घरच्या मोठ्या माणसाला किंवा शिक्षकांना सांगायचे, आणि त्याला एकटे सोडायचे नाही.

१४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केला. तो दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येते. फोन करणाऱ्याला आजाराचे नाव ठाऊक असावे लागत नाही. काय होते आणि कधीपासून होते, एवढे सांगता आले म्हणजे झाले.