अजिंठा पाहायला खातं कशाला?

अजिंठ्याच्या क्रमांक एकच्या लेण्यातला पद्मपाणी मंद उजेडातच पाहावा लागतो. भित्तिचित्रांचे रंग टिकावेत म्हणून आत फ्लॅशला बंदी आहे आणि एका वेळी किती जणांना सोडायचं यावरही मर्यादा. छत्रपती संभाजीनगरहून शंभरेक किलोमीटरचा रस्ता, पुढे पायऱ्यांची चढण. गुडघे थकलेल्यांना डोलीशिवाय गत्यंतर नाही. आभासी वास्तवाचा, म्हणजे सगळे ज्याला व्हीआर म्हणतात त्या तंत्राचा, याहून चांगला उपयोग क्वचितच सापडेल. हेडसेट चढवला की भिंतीला श्वासाची वाफही न लागता चित्रातली बोटांची मुद्रा निरखता येते.

मात्र तो हेडसेट सुरू करण्याआधी आपली ओळख एखाद्या कंपनीच्या हवाली का करायची?

हा प्रश्न २०२० मध्ये जगभर पेटला. ऑक्युलस ही हेडसेट बनवणारी कंपनी फेसबुकने २०१४ मध्ये सुमारे दोन अब्ज डॉलरना घेतली. हेडसेट वापरायला दरवेळी फेसबुकवर लॉगिन करावं लागणार नाही, असा शब्द तेव्हा संस्थापक पामर लकी यांनी ग्राहकांना दिला होता. ते २०१७ मध्ये कंपनीतून बाहेर पडले आणि ऑगस्ट २०२० मध्ये तो शब्दही मोडला. ऑक्टोबरपासून नव्या ग्राहकाला फेसबुक खातं सक्तीचं झालं. त्याच महिन्यात ‘क्वेस्ट २’ बाजारात आला आणि काही ग्राहकांची खाती फेसबुकच्या यंत्रणेने संशयास्पद ठरवून बंद केली. शेकडो डॉलर मोजून घेतलेलं यंत्र त्यांच्या हातात निरुपयोगी होऊन बसलं. यंत्रात कसलाही बिघाड नव्हता, ही यातली सर्वांत संतापजनक गोष्ट.

जर्मनीने हे निमूटपणे सोसलं नाही. तिथल्या स्पर्धा नियामकाने डिसेंबर २०२० मध्ये चौकशी सुरू केली. समाजमाध्यमातली मक्तेदारी वापरून दुसऱ्या बाजारातल्या ग्राहकाला बांधून घेता येतं का, हा चौकशीचा गाभा होता. त्याआधीच फेसबुकने जर्मनीतली हेडसेटची विक्री थांबवली होती. अखेर ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनीने (आता तिचं नाव मेटा) फेसबुकची सक्ती मागे घेतली आणि वेगळं ‘मेटा खातं’ आणलं. ग्राहकांचा विजय झाला, पण अर्धाच. फेसबुक गेलं, खात्याची अट राहिली.

खातं म्हणजे नुसता ईमेल आणि पासवर्ड, असं समजण्यात धोका आहे. हेडसेट मान किती वळली, हात कसा उचलला हे सेकंदासेकंदाला मोजतो. त्याशिवाय तो चालूच शकत नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये ५११ जणांवर प्रयोग केला. पाच मिनिटांपेक्षा कमी हालचालींवरून संगणकाने ९५ टक्के वेळा माणूस अचूक ओळखला. पुढे बर्कलीतल्या संशोधकांनी ‘बीट सेबर’ या खेळाच्या पन्नास हजारांहून अधिक खेळाडूंचा अभ्यास केला. आधीचा नमुना हाती असेल तर शंभर सेकंदांच्या हालचालींवरून ९४ टक्क्यांहून अधिक ओळख पटली. अशी माहिती आणि नावानिशी खातं एकाच छताखाली आलं, की माणसाला निनावी राहण्याची सोयच उरत नाही.

भारताला हा अनुभव नवा नाही. व्हॉट्सॲपने २०२१ मध्ये ‘अटी मान्य करा, नाहीतर वापर सोडा’ असा पवित्रा घेतला. त्याबद्दल स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटी १४ लाखांचा दंड केला. जाहिरातींसाठी माहिती पुरवण्यावरची पाच वर्षांची बंदी अपील न्यायाधिकरणाने वर्षभराने उठवली, दंड मात्र कायम ठेवला. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा तर संमती मुक्त आणि विनाअट असावी, असंच सांगतो. अठरा वर्षांखालील प्रत्येक जण त्यात बालक आहे. त्याच्या वर्तनावर पाळत ठेवण्याला मनाई आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची खात्रीलायक संमती लागते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण या मुख्य तरतुदींना दीड वर्षाची मुदत दिली आहे. म्हणून शाळांनी व्हीआर प्रयोगशाळांचा विचार आत्ताच डोळसपणे करायला हवा. तीस मुलांच्या वर्गात तीस खाती उघडणार कोण, आणि त्यांच्या हालचालींचा हिशेब कुणाकडे जाणार?

अजिंठ्याच्या पायथ्याला पर्यटन महामंडळाने भव्य अभ्यागत केंद्र उभारलं. १, २, १६ आणि १७ क्रमांकांच्या लेण्यांच्या प्रतिकृती तिथे होत्या. पाणी-विजेची बिलं थकली आणि केंद्र बंद पडलं. तिथे निदान इमारत सरकारच्या ताब्यात होती. बिल भरून दार पुन्हा उघडणं शक्य होतं. परक्या कंपनीच्या खात्यावर उभ्या राहिलेल्या डिजिटल लेण्याचं दार ती कंपनी एका ईमेलने बंद करू शकते आणि दाद मागायला जिल्ह्यात कार्यालयही नसतं.

म्हणून पर्यटन खातं, पुरातत्त्व विभाग, विद्यापीठ आणि जिल्हा परिषदा यांनी हेडसेटच्या प्रत्येक निविदेत एक अट घालावी: यंत्र पाहणाऱ्याच्या वैयक्तिक खात्याशिवाय आणि इंटरनेट नसतानाही चाललं पाहिजे, आणि हालचालींची नोंद बाहेर जाता कामा नये. ही अट न मानणाऱ्या कंपनीकडून जनतेच्या पैशातून एकही हेडसेट घेऊ नये.